दोरावरची जागा

सिद्धेश, उभा काय राहिलास, बस त्या उलट्या टोपलीवर. मोडत नाय रे. तुझ्यासारखे दोन बसले तरी मोडत नाय. भरतीला अजून वेळ हाय. भरती आल्याबिगर माझी होडी वर चढनार नाय, आनि होडी चढल्याबिगर मी इथनं हलनार नाय. तवर तुला एक गोष्ट सांगतो. अशी गोष्ट तू तुझ्या विरारच्या बिल्डिंगमदे कोनाकडनं ऐकनार नाय. खरी हाय. आनि माझ्याच बायकोची हाय, म्हनून हळू सांगतो. ती बघ तिकडं, सुरूच्या सावलीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय लांब करून बसलीय. कान तिचा इकडंच हाय.

तू रविवारचा म्हावरं घ्यायला येतोस, कॅथरिनशी भाव करतोस आनि हरतोस. तुला वाटत असंल, ही बाई अर्नाळ्याचा बाजार सोडून कुठं गेली असंल? अरे, ती आफ्रिकेला जाऊन आली. मोझांबिक. फिरायला नाय, मिशनवर. देवाच्या कामाला.

हसतोस काय? मी पन हसलेलो. मागनं हसू बंद झालं माझं.

आमचा फादर क्लिफर्ड. आमच्याच आळीतला पोरगा. लहानपनी माझ्या होडीखाली लपून कच्च्या कैऱ्या खायचा. पुढं शिकला, फादर झाला, आनि त्याच्या संस्थेनं त्याला मोझांबिकला पाठवला. समुद्रकाठचं एक गाव, तिथं त्याचं देऊळ. देऊळ म्हंजे चर्च रे. आमी ख्रिस्ती मानसं इकडं चर्चला देऊळच बोलतो. तर मागल्याच्या मागल्या नाताळला तो घरी आला. मिस्सा, म्हंजे देवळातली प्रार्थना, झाल्यावर उभा राहिला आनि बोलला, "कॉलेजच्या पोरांनो, मे महिन्यात मोबाईल बघत लोळन्यापेक्षा माझ्याबरोबर चला. तिथल्या पोरांना शिकवायचंय, देवळाला रंग काढायचाय, आजाऱ्यांच्या घरी जायचंय. उन्हाळा देवाला द्या."

पोरं तयार. आमची अमिषा, माझ्या मुलाची मुलगी, सगळ्यांच्या पुढं. पन पोरींच्या आया अडून बसल्या. परदेशात नुसत्या पोरी कशा पाठवायच्या? बरोबर कोनी थोरली बाई पायजे. फादरनं विचारलं, "कोन येनार?" झालं. सगळ्या बाया आपापल्या चपलांकडं बघाय लागल्या. आनि मागच्या बाकावरनं कोन तरी बोललं, "मी येते."

मी मान वळवली. कोन ही येडी? बघतो तर माझीच.

घरी आल्यावर मी चालू झालो. "कॅथरिन, तुला इंग्लिश येत नाय."

"गुजराती पन येत नाय. तरी गुजरात्याला कोलंबी विकलीय मी."

"विमानात बसलीस कधी?"

"तुझ्या होडीत बसलेय. विमान त्याच्यापेक्षा जास्त काय हलनार?"

"आनि मला जेवन कोन घालनार?"

"सुकट हाय डब्यात. हात हायत तुला, तांडेल."

तांडेल म्हंजे होडीचा कप्तान. दर्यावर मी तांडेल. घरात ती मला तांडेल बोलली की समजायचं, आपली होडी बुडाली.

तर गेली. अंगावर नवी साडी, पायात अमिषाचे बूट, आनि बॅगेत कपडे कमी, सुके बोंबील जास्त. विमानतळावर तिथल्या साहेबानं बॅग उघडली. नाक धरलं. परत बंद केली आनि हातानंच बोलला, जा बाई, जा. अमिषा लांब जाऊन भिंतीवरची जाहिरात वाचत उभी राहिली, जशी ही आजी तिची नव्हंच.

तिकडं पोचल्यावर पयला फोन. मी विचारलं, "कसं हाय?"

"आपल्यासारखंच हाय. वाळू, माड, होड्या. नुसती थंडी हाय. मे महिन्यात थंडी! आनि लोक भले हायत. पावाला पाव बोलतात, साबनाला साबन, चावीला चावी. बाकीचं मी हातानं बोलते."

मी मनात बोललो, मोझांबिकची आता खैर नाय.

आता नीट ऐक, इथनं गोष्ट चालू होते. तिथं किनाऱ्यावर रापन होती. रापन तुला म्हाइत नसंल. मोठ्ठं लांब जाळं. होडीतनं अर्धगोल टाकत जातात आनि त्याचे दोन दोर किनाऱ्यावर आनतात. एका दोराला मानसांची एक रांग, दुसऱ्याला दुसरी. बाप्ये, बाया, सगळ्यांनी मिळून ओढायचं. कॅथरिन इथल्या जवळच्या राजोडी गावची. तिच्या बापाची रापन होती, लहानपन तिचं दोरावरच गेलं. आता आपल्याकडं रापन फारशी दिसत नाय. किती वर्सं झाली असतील तिनं दोर हातात धरून. आनि एक दिवस सकाळी पोरं झोपलेली असताना ही किनाऱ्यावर गेली, तर समोर रापन. सगळी रांग मागं रेलून ओढतेय. आनि त्या रांगेत बायांच्या मदे एक जागा रिकामी.

तू असतास तर फोटो काढला असतास. अमिषा असती तर फोटो काढला असता. पन ही कोळीन. रिकामी जागा बघितली, साडी खोचली आनि जाऊन उभी राहिली.

तिला बघून पयल्या बाया गप झाल्या. हिला वाटलं, लाजल्या. मग हिनं टाचा वाळूत रोवल्या, कंबर मागं टाकली आनि असा दोर घेतला की पुढचीनं वळून बघितलं. अशी ओढते ती. मी लग्नाआधी राजोडीला तिला अशीच बघितलेली. मी बापाला सांगितलं, ही पायजे. बाप बोलला, ही तुला पन ओढून नेईल. नेलं.

असो. जाळं आलं. म्हावरं चांगलं होतं, आपल्या तारलीसारखं. त्या रापनीचा एक म्हातारा मुख्य होता, डोक्यावर लोकरीची टोपी. सगळे त्याला मेस्त्री बोलायचे. त्यानं ज्याचा त्याचा वाटा टाकला. हिच्यासमोर आला, थोडा थांबला, हिच्या तोंडाकडं बघितलं, आनि एक टोप भरून म्हावरं ठेवलं.

आता आपली रीत काय? दोराला ज्यानं हात लावला त्याला मूठभर म्हावरं. वाटेनं जानारा असू दे, पावना असू दे. आनि दिलेलं म्हावरं नको बोलायचं नाय. नको बोललं म्हंजे देनाऱ्याचा अपमान. हिला वाटलं, बघा केवढी दिलदार मानसं! आपन मूठ देतो, हे टोप देतात. हिनं टोप डोक्यावर घेतला, हसत हसत घरी आली, घरनं नेलेलं कोकम टाकून आंबट केलं. पोरं बोटं चाटून जेवली. फादर क्लिफर्ड तर बोलला, "मावशी, किती वर्सांनी अर्नाळा जेवलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिकायला गावातलं एक पन पोर आलं नाय.

रस्त्यात बाया भेटल्या. कालपर्यंत "बों दिया, बों दिया" करनाऱ्या बाया तोंड फिरवून गेल्या. पानवठ्यावर ही बालदी घेऊन गेली तर रांग हळूच बाजूला सरकली. फादरला कळंना, पोरांना कळंना. मग तिथल्या देवळातली एक सिस्टर आली. ती अमिषाला इंग्लिशमदे सांगत गेली, आनि सांगता सांगता अमिषाचं तोंड उतरत गेलं.

कॅथरिन बोलली, "काय गं? कोन मेलं?"

"आजी, तू काल काय केलंस?"

"काय केलं? दोर ओढला."

"आजी, ती जागा जोआनाची होती."

त्या गावाची रीत अशी. दोरावरची एकेक जागा एकेका घराची. आईची जागा मुलीला, मुलीची तिच्या मुलीला. ज्या घराची जागा, त्या घराचा वाटा. मानूस आलं नाय तर वाटा नाय. आनि दुसरं कोनी त्या जागेत उभं राहिलं आनि वाटा घेतला, की जागा त्याची झाली. म्हनून कोनी कोनाच्या जागेत पाय ठेवत नाय. ही जोआना तापानं पडलेली. तिकडचा ताप, मलेरिया, मानसाला पिळून काढतो. नवरा लांब खानीत कामाला गेलेला, त्याचा पत्ता नाय. पदरात तीन पोरं. ती परत येईल म्हनून सगळ्या बाया तिची जागा राखून होत्या. गावात जागेची वाट बघनारी दुसरी घरं पन होती, तरी कोनी पाऊल ठेवलं नव्हतं. आनि आमची ही गेली, उभी राहिली आनि टोप घेऊन आली. गावानं काय समजायचं? देवळाच्या पावन्यांनी आजारी बाईची जागा खाल्ली.

त्यांचा काय दोष? आनि हिचा तरी काय? त्या पोरांमदे दुसरं कोन होतं का असलं करनारं? बाकीच्यांना दोर हातात धरायचं सुचलंच नसतं. ही चूक करायला कोळीनच लागते.

अमिषा बोलते, आजी त्या वेळी एक शब्द बोलली नाय. कॅथरिन गप! मी अमिषाला विचारलं, "आजारी होती का?" ती बोलली, "नाय आजोबा. पदर खोचला आनि निघाली."

तडक जोआनाच्या घरी. मागनं सिस्टर, सिस्टरच्या मागनं अमिषा. जोआना चटईवर पडलेली. हिला बघितलं आनि तिनं भिंतीकडं तोंड केलं. हिनं पयली चूल बघितली. कोळीन चुलीवरनं घर वळखते. राख कालची पन नव्हती. एक लहान पोरगी दारात बसून कोरडी कैरीची कोय चोखत होती.

तिथनं ही मेस्त्रीकडं. "ती जागा माझी नाय. तिची तिला दे." हे हिनं मराठीत सांगितलं. अमिषानं इंग्लिशमदे, सिस्टरनं त्यांच्या भाषेत. मेस्त्री जाळं शिवत होता. मान वर न करता बोलला, आनि ते परत तीन भाषांमदनं हिच्याकडं आलं. "मी देनारा कोन? दोरावरची जागा तोंडानं दिली जात नाय. जोआनानं सोत्ता यावं, तुझ्या हातातनं दोर घ्यावा. मग तिची."

"तिला उठता येत नाय."

"मग तोवर तू उभी राहा. जोआनाची जागा गावानं राखली, तुझी कोन राखनार नाय. तू एक दिवस जरी आली नाहीस, तर जागा पुढच्या घराला जाईल. वाट बघनारे हायत. त्यांची पन पोरं हायत."

कॅथरिन बोलली, "किती वाजता यायचं?"

अमिषा बोलते, हे मेस्त्रीला भाषांतर करून सांगावं लागलं नाय.

तर असं झालं मिशन चालू. पोरं देवळाला रंग काढतायत, गानी शिकवतायत, आनि ही रोज पहाटे दोरावर. जाळं आलं की टोप डोक्यावर घेऊन सरळ जोआनाच्या घरी. एक मासोळी सोत्ताकडं ठेवली नाय. चूल पेटवायची, म्हावरं साफ करायचं, पोरांना जेवू घालायचं, जोआनाला कालवनाचं पानी चमच्यानं पाजायचं. जोआना पयले दिवस तोंड उघडायची नाय. मग ही तिला रागवायची, आपल्या भाषेत, बाजारात गिऱ्हाइकाला रागवते तशी. "पी गं बाय! मी काय तुझ्यासाठी जन्मभर दोर ओढू? माझा नवरा तिकडं सुकट खाऊन सुकट झालाय!" एक दिवस जोआना हसली. शब्द एक कळला नसंल, पन हसली. आनि प्याली.

फादर क्लिफर्ड पयला वैतागला. बोलला, "मावशी, तुमाला पोरींकडं बघायला आनलं. तुमी किनाऱ्यावरच असता."

"पोरी मोठ्या हायत, फादर. त्यांच्याकडं बघायला काय हाय? रंग तर त्या भिंतीला कमी आनि अंगाला जास्त लावतात."

"पन आपन देवाच्या कामाला आलोय."

"बरोबर. तुमी गानी शिकवा, मी दोर ओढते. देव बघून घेईल कोनाचं काय ते."

मला अमिषानं हिच्या हाताचा फोटो पाठवला. तळवे फुटलेले, त्यावर फडकं गुंडाळलेलं. मी फोन केला आनि वरडलो, "तुला काय तिकडं रापन ओढाय पाठवली? वय बघ आपलं! एवढंच ओढायचं होतं तर माझी होडी काय वाईट होती?"

ती बोलली, "लुईस, इथं एक बाई हाय. तिची जागा माझ्याकडनं गेली. ती परत तिच्या हातात दिल्याबिगर मला झोप लागनार नाय. आता तू वरड."

मी विचारलं, "हाताला खोबरेल लावलंस का?"

"लावलं," बोलली.

बरं, रविवार आला. रापनीला रविवार नसतो. म्हावऱ्याला कोन सांगनार आज देवळात जा? जाळं ओढायची वेळ आनि मिस्साची वेळ एकच. ही बाई जन्मात रविवारची मिस्सा चुकली नाय. बाळंतपनं सोडली तर. तिच्या मोठ्या बहिनीच्या लग्नाच्या रात्री घरात कोनाला डोळा लागला नव्हता, तरी सकाळी देवळात पयल्या बाकावर ही. पन त्या दिवशी देवळाची घंटा वाजली, हिनं दोर हातातनं सोडला नाय. दोर ओढता ओढता तोंडानं "आमच्या बापा" ही प्रार्थना बोलत राहिली. पुढच्या बाईनं तिच्या भाषेत तेच चालू केलं. मग तिच्या पुढचीनं.

फादरला देवळात हिचा बाक रिकामा दिसला. रागावला असंल, नसंल, मला म्हाइत नाय. पन पुढच्या रविवारी त्यानं वेळच बदलली. जाळं आधी, मिस्सा मागनं. आनि त्या दिवशी काय झालं सांगतो. सगळी रापन किनाऱ्यावरनं सरळ देवळात. कपडे भिजलेले, अंगाला खवलं, मेस्त्री टोपी हातात घेऊन मागं उभा. एवढी वर्सं फादर घरोघरी जाऊन बोलवायचा, तेव्हा अर्धं देऊळ भरायचं. आज पाय ठेवायला जागा नाय. आमच्या नव्या रंगाला सगळीकडं म्हावऱ्याचा वास. अमिषा बोलते, फादर बोलायला उभा राहिला. बोलला, "बसा." बसायला जागाच नव्हती.

ए! पानी बघ कुठवर आलं? अजून त्या दगडाला लागलं नाय ना? मग हाय वेळ.

सुट्टी संपली. पोरांची कॉलेजं चालू व्हायची. तिकिटं काढलेली. आनि जोआना अजून दारापर्यंतच येत होती, भिंत धरून. दोर ओढनं लांबची गोष्ट. कॅथरिन फादरला बोलली, "माझं तिकीट पुढं ढकला."

अमिषा रडली. मुंबईला उतरल्यावर माझ्या गळ्यात पडून पन रडली. "आजोबा, आजी नाय आली." मला वाटलं, आता चार शिव्या द्याव्यात. पन कोनाला देनार? फोन लावला. बोललो, "कॅथरिन, सगळे आले. आळीत विचारतात, तुझी बायको कुठं? मी काय सांगू?"

"सांग, दोरावर हाय."

मी तसंच सांगितलं. सगळ्यांना सांगितलं. आनि सांगताना, सिद्धेश, छाती अशी पुढं यायची माझी. तिला सांगू नको.

मग ती एकटी राहिली. भाषांतर करायला अमिषा पन नाय. फादरच्या घरी झोपायची जागा, बाकी दिवस किनाऱ्यावर नायतर जोआनाच्या घरी. थंडी वाढलेली. पहाटेचं पानी बर्फासारखं. रांगेतल्या बायांनी एक दिवस त्यांचं रंगीत कापड आनलं आनि हिच्या कमरेला करकचून बांधलं, ओढताना कंबर धरू नये म्हनून. ते कापड हाय अजून. बघ, खुर्चीच्या पाठीवर टाकलंय, निळं-पिवळं. कोनाला हात लावू देत नाय.

आनि एक दिवस जोआना आली.

हे मला फादरनं फोनवर सांगितलं. तो तिथं होता. बोलला, अर्धं जाळं ओढून झालेलं. लांबनं ती दिसली, मोठ्या पोरीच्या खांद्यावर हात ठेवून हळू हळू येताना. रांग ओढत राहिली. दोर चालू असला की थांबायचं नसतं. ती हिच्या पाठीमागं येऊन उभी राहिली. तिनं दोराला हात लावला, हिच्या हातांच्या मागं. आता कॅथरिनला काय वाटलं असंल? पटकन सोडून मोकळं व्हावं. पन कॅथरिननं सोडला नाय. एकदम सोडला तर सगळा भार त्या आजारी बाईच्या अंगावर. हिनं थोडा थोडा सोडला. पयले एक हात. मग बोटं. जोआनाचे हात पुढं पुढं सरकले. फादर बोलला, "लुईस काका, मिस्सात मी रोज भाकर हातात घेतो, पन इतक्या जपून दिलेलं मी कधी बघितलं नाय." तो फादर हाय, त्याला असं बोलता येतं. मी आपला तांडेल. मी बोललो, "दोर ढिला पडला का?" तो बोलला, "नाय." मग बास.

जाळं आलं. मेस्त्रीनं वाटा टाकला. जोआनासमोर आला आनि टोप तिच्या पायाशी ठेवला. झालं. जागा तिची.

ही आपली बाजूला जाऊन हात पुसत होती. तर जोआना वाळूत बसली, टोपातनं एक म्हावरं उचललं, चांगलं मोठं, आनि हिच्यासमोर धरलं. आनि ही, अर्नाळ्याच्या बाजारातली ही वाघीन, घाबरली! हात पाठीमागं घेतले. एकदा घेतलं त्याचं काय झालं ते बघितलेलं ना! "नको नको," बोलली. आपल्यात नको बोलायचं नाय हे पन विसरली. तेव्हा ती जोआना, काल-परवापर्यंत भिंत धरून चालनारी, अशी काय वरडली हिच्यावर! फादर बोलला, शब्द सांगन्यासारखे नव्हते. पन हिला सगळं कळलं. किनाऱ्यावरच्या बाईला किनाऱ्यावरच्या बाईचं कळतं. मुकाट हात पुढं केला आनि घेतलं.

त्या दिवशी ते भाजून एकटीनं खाल्लं तिनं. कोनाला दिलं नाय. फादरला पन नाय.

मग आली घरी. विमानतळावर मी उभा. दारातनं बाहेर आली, बारीक झालेली, काळी झालेली, तेच अमिषाचे बूट. मी विचार केला होता, पयले चांगलंच बोलायचं तिला. जवळ आली, मी बॅग घ्यायला हात पुढं केला, तर तिचा हात माझ्या हातात आला. तळवा बघितला. माझ्या हाताहून घट्ट. तांडेलाचा हात. मी बॅग खांद्यावर टाकली.

ती बोलली, "सुकट संपली का?"

"संपली," बोललो.

"मग आता?"

"आता तू आलीस ना."

एवढंच बोलनं झालं आमचं. बाकी विरारपर्यंत ती झोपली.

बघ, पानी दगडाला लागलं. भरती आली. ती बघ सगळी जमायला लागली. मोठ्या बोटींना आता क्रेन येते, पन माझी ही लहान. हिला अजून दोरच लागतो, आनि दोराला हात. पावसाआधी वर घेतली नाय तर लाटा तिची फळी न् फळी करतील. दोरावर पुढं मी. माझ्या मागं कॅथरिनची जागा, लग्न झाल्यापासनं. पन मागल्या महिन्यात तिचा गुडघा गेला. डॉक्टरनं सांगितलं, आता काय ओढायचं नाय, ओढलंस तर चालनं बंद. म्हनून तिला खुर्चीवर बसवलीय. बसवली म्हंजे काय, मी, मुलगा आनि अमिषा, तिघांनी मिळून बसवलीय.

पन मी तिला वळखतो. तू बघ तिच्याकडं, वळून बघू नको, नुसता डोळा फिरव. पाय जवळ घेतले ना तिनं? ते निळं-पिवळं कापड हातात घेतलं ना? आता ते कमरेला बांधील. माझ्या मागची जागा रिकामी दिसली की ती येनार, डॉक्टर असू दे नायतर देव येऊ दे.

तू काय घाबरू नको, इथं अर्नाळ्यात जागा कोनाची जात नाय. होडी वर चढली की जागा तिची तिला. आनि आजच्या शेवटच्या फेरीचं म्हावरं हाय, ती सोत्ता तुला मूठभर देईल, भाव न करता. तेव्हा नको बोलू नको.

चल, ऊठ. ते पांढरे बूट काढ, टोपलीत ठेव. तिनं कापड बांधायच्या आत माझ्या मागं येऊन उभा राहा, आनि दोर धर.